सरफोजीराजे : तंजावरचे पाणी, माती आणि दप्तर

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे यांचे नाव भारतीय भाषांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. सरस्वती महाल ग्रंथालयाचे संवर्धक, दक्षिणेतील देवनागरी मुद्रणाचे आद्य पुरस्कर्ते, मराठी नाट्यप्रबंधांचे कर्ते आणि वैद्यकाचे जाणकार अशा नानाविध नात्यांनी त्यांचा उल्लेख होत आलेला आहे. त्यांच्या चरित्राची मांडणी मात्र बहुधा एकाच साच्याची असते. राज्य गेले, फावला वेळ उरला, आणि त्या वेळात राजाने विद्येचा छंद जोपासला, असा हा साचा होय. प्रस्तुत लेखात या मांडणीचा फेरविचार करावयाचा आहे. सरफोजीराजांची विद्या हा त्यांचा छंद नसून त्यांच्या हाती उरलेल्या राज्याचा कारभारच होता, असे आमचे मत आहे. आणि हे मत साहित्याच्या क्षेत्राबाहेरील एका विषयाच्या, म्हणजे माती आणि पाणी यांतील नत्राच्या भ्रमणाच्या, आधारे तपासून पाहता येते.

हा विषय निवडण्यास कारण आहे. सरस्वती महालाच्या संग्रहालयात दोन वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. एक म्हणजे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिए याचा १७८९ साली प्रसिद्ध झालेला रसायनशास्त्राचा मूलग्रंथ. दुसरी म्हणजे तंजावर शहराच्या रचनेची कागदपत्रे. त्यांत गोड्या पाण्याचा पुरवठा आणि जमिनीखालून जाणारी सांडपाण्याची व्यवस्था यांचा तपशील आहे. ज्याला आज आपण नायट्रोजन किंवा नत्रवायू म्हणतो त्याला लव्हाझिए आणि त्याचे सहकारी यांनी निर्जीव अशा अर्थाचे ग्रीक वळणाचे नाव दिले होते, कारण त्या वायूत प्राणी जगत नाही. शहराच्या विहिरीत, मोरीत आणि शिवारात हाच नत्र अखंड रूपे पालटत असतो, आणि ही रूपे पालटण्याचे बरेचसे काम सजीवच करतात, हे ज्ञान पुढच्या काळातले. एका छपराखाली आलेल्या या दोन वस्तूंमधला दुवा सरफोजीराजांच्या हयातीत कोणालाच ठाऊक नव्हता. तो दुवा नसतानाही राजांनी काय साधले, हे त्यांच्या चरित्रातून पाहावयाचे आहे.

सरफोजीराजांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. त्यापूर्वीची काही वर्षे तंजावरला फार कठीण गेली होती. १७७३ साली अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेच्या साहाय्याने तंजावर घेतले आणि तुळजाराजे पदच्युत झाले. १७७६ साली कंपनीनेच त्यांना पुन्हा गादीवर बसविले. पुढे १७८१ साली हैदर अलीच्या स्वारीने कावेरीचा त्रिभुज प्रदेश उजाड केला. गुरे गेली, माणसे परागंदा झाली, कालव्यांची निगा राखणारे हात उरले नाहीत. ज्या मुलुखाचा वैभवाचा पाया भात आणि केवळ भात हाच होता, तेथे या आघाताचा अर्थ किती खोल असेल हे सांगावयास नको.

तुळजाराजांनी १७८७ साली, आपल्या मृत्यूच्या थोडे आधी, सरफोजींना दत्तक घेतले. त्यांच्या पश्चात त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तविधानाच्या सशास्त्रतेविषयी शंका उपस्थित केली. पंडितांचा कौल त्यांच्या बाजूने पडला आणि कंपनीने त्यांना राजा म्हणून मान्यता दिली. दहा वर्षांच्या सरफोजींच्या वाट्याला यानंतर जे आले त्याला नजरकैदेखेरीज दुसरे नाव देता येत नाही. डॅनिश मिशनशी संबंध असलेले जर्मन धर्मोपदेशक श्वार्ट्झ यांनी या मुलाचा कैवार घेतला. १७९३ साली त्यांना मद्रासला हलविण्यात आले, आणि तेथे गेरिके या दुसऱ्या मिशनरीच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. इंग्रजी भाषा, पाश्चात्त्य गणित, भूगोल व निसर्गविज्ञान यांची गोडी त्यांना याच काळात लागली. सरफोजीराजे अखेरपर्यंत शैव आणि आपल्या कुलाचारास जपणारे राहिले. परंतु आपल्या गुरूचे ऋण ते विसरले नाहीत. श्वार्ट्झ १७९८ साली निवर्तले, तेव्हा राजांनी इंग्रज शिल्पकार फ्लॅक्समन याच्याकडून संगमरवरी स्मारकशिल्प करवून घेतले. ते शिवगंगा तळ्यालगतच्या श्वार्ट्झच्या चर्चमध्ये आजही आहे.

दत्तविधानाचा निर्णय फिरून सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले. पुढच्याच वर्षी, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, कंपनीशी तह झाला. या तहान्वये राज्याचा संपूर्ण मुलकी व फौजदारी कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याच्या लगतचा थोडा भाग राहिला. वर्षाला एक लाख पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा एकपंचमांश एवढे उत्पन्न ठरले. म्हणजे शिवाराचे पीक राजांच्या पदरात पैशाच्या रूपाने पडणार होते, पण शिवार त्यांचे नव्हते.

जे गेले ते नेमके काय होते, हे समजण्यासाठी त्या मातीकडे वळावे लागते. नैर्ऋत्य मोसमी पावसाचे कोडगूच्या डोंगरातले पाणी उन्हाळा सरता सरता कावेरीतून खाली उतरते. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीकाठची कुटुंबे या चढत्या पाण्याची पूजा करतात. कल्लणै या प्राचीन बांधाच्या आधाराने ते कालव्यांतून शेतोशेत पसरते. पाण्याखाली गेलेल्या भाताच्या खाचरात एक विलक्षण घडामोड सुरू होते. वरची काही मिलिमीटर माती आणि मुळांच्या भोवतालची माती एवढीच काय ती प्राणवायू बाळगून असते. त्याखालचा चिखल प्राणवायूला मुकलेला असतो. सेंद्रिय द्रव्य कुजून सुटणारा अमोनिया खालच्या थरात टिकून राहतो आणि भाताचे पीक मुख्यतः तोच शोषून घेते. वरच्या पातळ थरात मात्र काही सूक्ष्मजीव या अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. नायट्रेट मातीच्या कणांना चिकटून राहत नाही. पाण्याबरोबर ते खाली झिरपते, आणि प्राणवायूहीन थरात पोहोचले की दुसऱ्या जातीचे सूक्ष्मजीव त्याचा पुन्हा वायू करून टाकतात. तो हवेत निघून जातो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ती शुद्ध तूट होय.

ही तूट भरून काढण्याचे उपाय शेतकऱ्यांना अनुभवाने माहीत होते. आपल्याकडे धनगर रानात मेंढ्या बसवतात, तसे तमिळ मुलुखातही पीक निघालेल्या रानात मेंढ्यांचे कळप रात्रभर बसविण्याची चाल आहे. पाला व हिरवळीचे खत चिखलात तुडविण्याची रीत तर सर्वत्र आढळते. याखेरीज खाचराच्या पाण्यात वाढणारी निळी-हिरवी शैवले हवेतील नत्र बांधून मातीत आणतात; भातशेतीच्या संदर्भात ही गोष्ट डाक्का विद्यापीठातील पी. के. डे यांनी १९३९ साली सिद्ध केली. तात्पर्य, कंपनीने ताब्यात घेतलेली संपत्ती ही नुसती जमीन नव्हती. नदी, गुरे, मेंढ्या, पाला, शैवले आणि अदृश्य जीव यांचा शतकानुशतके चाललेला देवघेवीचा व्यवहार म्हणजे ती संपत्ती होती. वसुलाच्या ताळेबंदात तिचे एकच अंग उतरत असे.

किल्ल्याच्या तटबंदीच्या आत जे उरले, त्यात पहिले महत्त्व पाण्याचे. बृहदीश्वराच्या मंदिराशेजारचे शिवगंगा तळे हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचे जुने साधन. नायक राजवटीचा संस्थापक सेवप्पा नायक याच्या नावाने ओळखली जाणारी एरी, म्हणजे मोठा तलाव, पावसाचे पाणी साठवीत असे. तेथे गाळ खाली बसला की निवळ पाणी शिवगंगेत येई, आणि तेथून जमिनीखालील मातीच्या नळांनी ते राजवाड्याकडे व शहरातल्या विहिरींकडे जाई. या व्यवस्थेला जलसूत्र असे अन्वर्थक नाव आहे. पाणी आणणारे नळ आणि घाण वाहून नेणाऱ्या मोऱ्या ही दोन जाळी एकाच शहराच्या पोटात वेगवेगळी राहिली पाहिजेत, एवढी समज ज्या कारभाराला होती त्याचे कागद आज संग्रहालयात आहेत.

ही समज किती मोलाची, हे आजच्या विज्ञानाच्या भाषेत सांगता येते. मोरीचे पाणी जमिनीत झिरपले की त्यातील अमोनियाचे मातीतले जीव नायट्रेट करतात. असे पाणी वास मारीत नाही, रंगाने स्वच्छ असते, चवीलाही वाईट लागत नाही. परंतु विहिरीतील वाढलेले नायट्रेट हे बहुधा जवळपास कोठेतरी मलमूत्र वा खत मुरत असल्याचे लक्षण असते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला ४५ मिलिग्रॅमहून अधिक नायट्रेट असू नये. त्याहून अधिक झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घटते. डोळ्यांना आणि जिभेला जे कळत नाही, ते ओळखण्याचे साधन सरफोजीराजांच्या काळात सहजी उपलब्ध नव्हते. पाणी आणि घाण यांच्या वाटा वेगळ्या ठेवणे व त्यांची नोंद ठेवणे, एवढाच मार्ग खुला होता.

नोंद ठेवण्याची ही वृत्ती सरफोजीराजांच्या सर्व उद्योगांत सारखीच दिसून येते. १८०२ साली त्यांनी ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. छत्र म्हणजे वाटसरूंना अन्न व आसरा देणारी धर्मशाळा. येथे त्याबरोबरच विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची व रोग्यांच्या उपचारांची सोय होती. १८०३ साली बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविण्यात आला; एवढा विस्तीर्ण मराठी शिलालेख महाराष्ट्रातही सापडणे कठीण. १८०५ च्या सुमारास त्यांनी देवनागरी छापखाना सुरू केला, आणि १८०६ साली त्यातून इसापाच्या कथांचे मराठी भाषांतर 'बाळबोध मुक्तावळी' या नावाने बाहेर पडले. मुंबई-पुण्याकडे मराठी ग्रंथमुद्रणाला पुढे जो बहर आला, त्याच्या पुष्कळ आधीची ही गोष्ट आहे. लंडनमधील विल्यम टॉरिन यांच्यामार्फत युरोपातले ग्रंथ मागविले जात. लव्हाझिएचा ग्रंथ असाच युरोपीय ग्रंथांच्या ओघात तंजावरला आलेला आहे.

धन्वंतरी महाल ही त्यांची वैद्यकीय संस्था. येथे आयुर्वेद, सिद्ध व युनानी पद्धतींबरोबर पाश्चात्त्य वैद्यकालाही स्थान होते. औषधे रोग्यांवर वापरून, गुण आला की नाही हे पाहून, मग त्यांची नोंद होई. या अनुभवसिद्ध उपचारांचे संकलन शरभेंद्र वैद्यरीती या अर्थाच्या तमिळ पद्यग्रंथांत झालेले आहे. नेत्रोपचाराची टिपणे तर अपूर्वच म्हटली पाहिजेत. चव्वेचाळीस रोग्यांची हकीकत, त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे, केलेले उपचार आणि त्यांचा परिणाम असा सर्व तपशील त्यांत आहे. रोग बरा झाला तर तसे आणि न झाल्यास तसे लिहून ठेवणे यात विज्ञानाचा जो धर्म आहे, तो उपकरणांवर अवलंबून नसतो.

साहित्याच्या अभ्यासकांना या वृत्तीचे सर्वांत लक्षणीय रूप 'देवेंद्र कुरवंजी' या मराठी नाट्यप्रबंधात आढळेल. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात विरहिणी नायिकेला भविष्य सांगावयास कुरव जातीची डोंगरवासी स्त्री येते आणि भविष्य सांगण्यापूर्वी आपल्या डोंगरांची, नद्यांची व देशांची वर्णने गाते. तिरिकूट राजप्प कवींच्या 'तिरुकुट्राल कुरवंजी'ने अठराव्या शतकात हा प्रकार लोकप्रिय केला होता. सरफोजीराजांनी या संकेताचा मर्मज्ञतेने उपयोग केला. त्यांची कुरवंजी आपल्या डोंगरांवर थांबत नाही; ती जगाचा भूगोल सांगते. नवे ज्ञान आणावयाचे तर त्यासाठी नवा साचा आयात करावा लागतो असे नाही, प्रचलित साच्यात त्याला जागा असते, ही जाण येथे दिसते. तंजावरच्या राजांनी मराठी नाटक विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधील प्रयोगाच्या दीडशे वर्षे आधीपासून लिहिले, हे आता सर्वमान्य आहे. परंतु या नाटकाने ज्ञानप्रसाराचेही कार्य पत्करले होते, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. त्याच राजांवर शिवकोळुंदु देशिकर यांनी तमिळमध्ये 'शरभेंद्र भूपाल कुरवंजी' रचली. एकाच दरबारात एकाच नाट्यप्रकाराने मराठीत जग दाखविले आणि तमिळमध्ये राजा गायिला.

१८२० साली राजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेस निघाले आणि सुमारे दोन वर्षांनी परतले. वाटेतील क्षेत्रांतून पोथ्या मिळवून वा नकलून त्यांनी ग्रंथसंग्रहात मोलाची भर घातली. १८२६ साली कलकत्त्याचे बिशप हीबर तंजावरला आले. राजांचे इंग्रजीवरील प्रभुत्व, पाश्चात्त्य शास्त्रांतील त्यांची गती आणि त्यांची चौकसबुद्धी यांनी ते अत्यंत प्रभावित झाले होते, हे त्यांच्या टिपणांवरून कळते. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली औरस पुत्र नसता वारले आणि कंपनीने संस्थान खालसा केले. दरम्यान, १८३६ साली आर्थर कॉटन या इंग्रज इंजिनियराने कोळ्ळिडम नदीवर वरचा बंधारा पुरा करून कावेरीच्या पाण्याचा समतोल साधला होता; परंतु तो सर्वस्वी इंग्रज सरकारचा उद्योग होता, त्यात तंजावरच्या गादीचा हात असण्याचे कारणच उरले नव्हते.

आरंभी उल्लेखिलेला दुवा यानंतर पुष्कळ वर्षांनी सापडला, आणि तो सापडला सांडपाण्याच्या प्रश्नातूनच. १८७७ साली श्लोझिंग व म्युंत्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू व चुनखडी भरलेल्या नळीतून मोरीचे पाणी संथपणे झिरपू दिले. पहिले सुमारे वीस दिवस त्यातील अमोनिया तसाच बाहेर येत राहिला. मग नायट्रेट दिसू लागले. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ते काम थांबले. हा निव्वळ रासायनिक व्यवहार असता तर वीस दिवस वाट पाहण्याचे आणि क्लोरोफॉर्मने थबकण्याचे त्याला कारण नव्हते. म्हणजे हे काम सजीवांचे होते. १८९० साली झुरिक येथे रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी हे सजीव वेगळे करून दाखविले. अमोनियाचे नायट्राइट करणारे निराळे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे निराळे, असे त्यांचे दोन गट ठरले. सूर्यप्रकाश नाही, तयार अन्न नाही, केवळ या रूपांतरातून मिळणाऱ्या शक्तीवर ते जगतात, ही कल्पना त्या काळी क्रांतिकारक होती.

यात एक ऐतिहासिक योगायोगही आहे. लव्हाझिए १७७५ पासून फ्रान्सच्या दारूगोळा व सोरा खात्याचा अधिकारी होता. शेण, मूत्र, चुना आणि माती यांचे ढीग महिनोन्‌महिने ओलसर ठेवून त्यातून सोरा काढीत. आपल्याकडे बिहारातील नोनिया लोक गावच्या जुन्या मातीतून तो धुऊन काढीत, आणि कंपनीची जहाजे तो इंग्लंडला नेत. ते काम वस्तुतः याच सूक्ष्मजीवांचे होते. ज्याने नत्राला निर्जीव म्हटले, त्याच्या खात्याचा सारा सोरा सजीवांनी बनविलेला होता. विसाव्या शतकात ही दोन गटांची विभागणीही अपुरी असल्याचे संशय बळावू लागले. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे आर्किया वर्गातले जीव २००५ साली वेगळे करण्यात आले. आणि अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सारा प्रवास एकट्याने पुरा करणारे जीवाणू २०१५ साली ज्ञात झाले. सव्वाशे वर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकविलेली श्रमविभागणी अशा रीतीने सुधारून घ्यावी लागली.

हा इतिहास लक्षात घेतला म्हणजे सरफोजीराजांच्या मर्यादेचे योग्य माप लागते. लव्हाझिएचा ग्रंथ संग्रही असूनही त्यांना आपल्या विहिरीतील पाण्याचे रहस्य उलगडले नाही, हा दोष नव्हे. ते लव्हाझिएलाही उलगडले नव्हते. प्रश्न असा विचारावयाचा, की जे ज्ञान हाती नाही त्याच्यासाठी मागे काय ठेवले. कंपनीने त्रिभुज प्रदेशाचा वसूल नोंदविला. सरफोजीराजांनी रोग्यांचे डोळे, औषधांचा गुण, शहराचे नळ, मोऱ्या, वंशाचा इतिहास आणि जगाचा भूगोल यांची नोंद केली किंवा ती सांभाळली. फावल्या वेळाचा छंद इतक्या दिशांनी आणि इतक्या शिस्तीने चालत नाही. ज्या राजाकडे महसूल, न्याय आणि फौज उरली नव्हती त्याने आरोग्य, पाणी आणि विद्या हेच राज्य मानले, आणि त्याचे दप्तर ठेवले.

हे दप्तर मोठ्या अंशी मराठी भाषेत आणि मोडी लिपीत आहे. सरस्वती महालात मराठी हस्तलिखितेच सुमारे तीन हजार आहेत. मोडी कागदांचे रुमाल वेगळेच. १९८१ साली स्थापन झालेल्या तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने मोडी कागदांची तमिळ भाषांतरे १९८९ साली प्रसिद्ध केली, ही गोष्ट मराठी अभ्यासकांना भूषणावह म्हणावी की लाजिरवाणी, याचा ज्याने त्याने विचार करावा. मोडी वाचणारे हात दिवसेंदिवस कमी होत आहेत. पाणी आणि मोऱ्यांचे जुने कागद, आजच्या विहिरींतील नायट्रेटची मोजमापे आणि शहराच्या वाढीचा नकाशा ही तिन्ही शेजारी ठेवून वाचली, तर तंजावरच्या पाण्याचा दोनशे वर्षांचा इतिहास लिहिता येण्याजोगा आहे. हे काम रसायनशास्त्रज्ञाला एकट्याने होणार नाही, कारण त्याला मोडी येत नाही; आणि साहित्याच्या अभ्यासकाने आपल्या विषयाची सीमा नाटके आणि पदे यांपाशीच आखून घेतली, तर त्याच्याकडूनही ते होणार नाही. सरफोजीराजांच्या ग्रंथालयात ही दोन दालने वेगळी नव्हती.